कचऱ्याचा हिशेब विहिरीच्या आराखड्यातच मांडा

तेलविहिरींचे आराखडे करणाऱ्या, करार लिहिणाऱ्या आणि खर्चाला मंजुरी देणाऱ्या सर्वांस,

सविनय नमस्कार.

मी रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, कामाला लागलो तो शेल शेकरवर, म्हणजे चुरा चाळणाऱ्या थरथरत्या चाळणीवर. बिटाने, म्हणजे खोदणाऱ्या टोकाने, फोडलेला खडक मडबरोबर वर येतो आणि पहिल्यांदा उजेड पाहतो, ती ही जागा. बारा तासांची पाळी, हातात पाण्याची नळी, पायाखाली थरथरणारी जाळी. तिथून पुढे सेंट्रीफ्यूजवर (जोरात फिरवून बारीक कण वेगळे करणाऱ्या यंत्रावर) आणि मग मड इंजिनिअर म्हणून काम केले. विहिरीत फिरवून खडकाचा चुरा वर आणणाऱ्या द्रवाला कागदावर आपण ‘ड्रिलिंग फ्लुइड’ लिहितो, पण रिगवर सगळे मडच म्हणतात, म्हणून या पत्रातही मी मडच म्हणेन.

विहीर संपल्यावर जी आढावा बैठक होते तिला मी आता अनेक वर्षे हजर असतो. मडच्या रसायनांचा खर्च एका पानावर असतो, शेकर आणि सेंट्रीफ्यूजचे भाडे दुसऱ्यावर, आणि कचरा उचलून नेण्याचा व त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च तिसऱ्यावर. पहिल्या दोन पानांवर घासाघीस होते. तिसरे पान उघडले की ‘खडकच वाईट लागला’ असे कुणीतरी म्हणते आणि विषय पुढे सरकतो. त्या तिसऱ्या पानावरचा आकडा पहिल्या दोन पानांवर केलेल्या काटकसरीतून आलेला असतो. ही गोष्ट बैठकीत मी दोन-तीनदा बोललो, पण तोवर विहीर झालेली असते आणि ऐकणाऱ्यांना पुढच्या कामाची घाई असते. म्हणून विहीर सुरू होण्याआधीच्या लोकांना, म्हणजे तुम्हाला, उघडपणे लिहितो आहे.

खडकाचा चुरा मडमध्ये राहिला तर काय बिघडते, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तरी एक हिशेब पुन्हा मांडतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. एक सेंटिमीटर बाजूचा खडकाचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन पंपातून, बिटाच्या नोझलमधून पुन्हा पुन्हा फिरून एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) कणांपर्यंत दळला गेला, तर एकूण पृष्ठभाग होतो ६ चौरस मीटर. खडक तेवढाच, पृष्ठभाग दहा हजार पट. हा सगळा पृष्ठभाग भिजवण्यात मडमधला मोकळा द्रव खर्च होतो आणि मड जाड होत जाते. पंपाचा दाब चढतो, बिटाचा वेग उतरतो. विहिरीच्या भिंतीवरचा लेप पातळ आणि चिवट असायला हवा, तो जाड होतो आणि पाइप त्यात रुतून बसतो. पाइप अडकल्यावर जे दिवस जातात त्यांची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

यातली खरी अडचण वेळेची आहे. कण पकडायची सर्वांत चांगली संधी पहिल्या फेरीतच असते. शेकरच्या चाळणीखाली निसटलेला कण पुढच्या फेरीत आणखी बारीक होऊन येतो. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याला खाली बसायला चौपट वेळ लागतो. आज शेकरवर जे सुटले ते उद्या डिसिल्टरला (शंकूंतून फिरवून बारीक गाळ काढणाऱ्या यंत्राला) अवघड जाते, परवा सेंट्रीफ्यूजला अवघड जाते, आणि त्यानंतर कुणालाच हाती लागत नाही. दोन मायक्रॉनच्या खालचा गाळ मडमध्ये जमला की यंत्राने काढायचा मार्ग जवळजवळ बंद होतो. मग मड पातळ करणे एवढेच उरते. नवे मड घालायचे, आणि टाक्या भरल्या की जुने काढून टाकायचे.

इथेच कचरा जन्माला येतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सव्वाबारा इंची भोक १००० मीटर पाडायचे आहे असे धरा. भोक अगदी मापात पाडले तरी ७६ घनमीटर खडक बाहेर येतो, वजनाने जवळपास २०० टन. मडमध्ये हलक्या गाळाचे, म्हणजे खडकाच्या चुऱ्याचे, प्रमाण आकारमानाने ५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे आपण ठरवतो. आता यंत्रांनी यातला ९० टक्के खडक बाहेर काढला तर ७.६ घनमीटर मडमध्ये राहिला. तो ५ टक्क्यांत बसवायला त्याच्या वीसपट, म्हणजे १५२ घनमीटर मड लागेल. ७६ घनमीटर नव्या भोकातच मावते, म्हणजे ७६ घनमीटर जास्तीचे झाले. यंत्रांनी ८० टक्केच काढला तर राहिला १५.२ घनमीटर, मड लागले ३०४ घनमीटर, आणि जास्तीचे झाले २२८ घनमीटर. यंत्रांच्या कामात दहा टक्क्यांची ढिलाई झाली आणि टाकून द्यायचे मड तिप्पट झाले. ओल्या चुऱ्याबरोबर थोडे मड जाते, भोक कुठे मापापेक्षा मोठे होते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतील. उतार मात्र हाच राहतो: दर टक्क्याच्या ढिलाईमागे सुमारे १५ घनमीटर जास्तीचे मड. प्रत्येक टक्का फार मोलाचा असतो.

हे २२८ घनमीटर म्हणजे पाणी नव्हे. त्यात तुम्ही विकत घेतलेले बॅराइट, म्हणजे मड जड करणारी खनिज भुकटी, आहे, पॉलिमर आहेत, कदाचित तेल आहे. एकदा ते विकत घेण्यासाठी पैसे मोजले, दुसऱ्यांदा फेकण्यासाठी मोजायचे.

आता कराराकडे बघा. मड पुरवणारा रसायने विकतो. जितके मड जास्त बनेल तितकी रसायने जास्त लागतात. यंत्रे देणारा दिवसाच्या भाड्यावर असतो. सेंट्रीफ्यूज चांगले चालले की नुसते फिरत राहिले, भाडे तेच. कचरा उचलणाऱ्याला टनावर पैसे मिळतात. कचरा कमी झाला तर या तिघांपैकी एकाच्याही पदरात काही पडत नाही. मी स्वतः मडच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: कुणी मुद्दाम मड वाया घालवताना मी पाहिलेले नाही. लोक प्रामाणिक आहेत. पण ज्या कामाचा कुणाच्याच बिलात उल्लेख नाही, ते काम पाळीच्या शेवटी राहून जाते. हे माणसांच्या स्वभावावर सोडू नका, करारात लिहा.

एका विहिरीवरचा अनुभव सांगतो. यंत्रांची निविदा सर्वांत कमी भाड्यावर दिली होती आणि चाळण्यांची संख्या संपूर्ण विहिरीसाठी ठरवून टाकली होती. वरच्या भागात वाळू लागली, चाळण्या अपेक्षेपेक्षा लवकर फाटल्या. खालच्या भागात, जिथे बारीक चाळणीची खरी गरज होती तिथे पोहोचेपर्यंत बारीक चाळण्या संपल्या. मागणी पाठवली, तर मंजुरी वरून आणावी लागेल असे उत्तर आले. मंजुरी येईपर्यंत भरड चाळण्यांवर काम चालले. एका शेकरवर तर फाटलेल्या चाळणीला डाग लावून दिवस काढले. आणि चाळणीला एक भोक असले की मड तिथूनच वाट काढते, बाकीची अख्खी जाळी नावाला उरते. रिटॉर्टमध्ये (मड तापवून त्यातला द्रव आणि गाळ मोजायच्या चाचणीत) रोज गाळाचे प्रमाण वर जाताना मी लिहीत होतो. आठवड्याभरात मड पातळ करायला सुरुवात झाली. शेवटी जास्तीचे मड साठवायला बाहेरून टाक्या आणाव्या लागल्या. त्या टाक्यांचे भाडे आणि वाहतूक एवढ्यातच हव्या तितक्या चाळण्या आल्या असत्या. ज्याने मंजुरी अडवून धरली तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर फक्त चाळण्यांचे पान होते.

चाळण्यांबद्दल आणखी एक. ‘दोनशे मेश’ (इंचाला दोनशे छिद्रे) एवढे लिहून खरेदी करू नका. पूर्वी दोन उत्पादकांच्या दोनशे मेशच्या चाळण्या वेगवेगळ्या मापाचे कण अडवत असत. म्हणूनच एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) १३सी या शिफारशीत चाळणीचा क्रमांक तिने प्रत्यक्ष अडवलेल्या कणांच्या मापावरून ठरतो. एपीआय २०० लिहिलेल्या चाळणीचे माप साधारण ६९ ते ८२.५ मायक्रॉनच्या दरम्यान असते. हा क्रमांक लेबलवर असतो. तो मागणीपत्रातही असू द्या.

टाक्यांच्या मांडणीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि सर्वांत कमी लक्ष इथेच जाते. शेकरखाली वाळूची टाकी, मग वायू काढणारा डिगॅसर, मग वाळू काढणारा डिसँडर, डिसिल्टर, शेवटी सेंट्रीफ्यूज. प्रत्येक यंत्राने आपल्या आधीच्या कप्प्यातून मड घ्यायचे आणि पुढच्या कप्प्यात सोडायचे. यंत्राची क्षमता विहिरीतून येणाऱ्या मडपेक्षा जास्त हवी, म्हणजे पुढच्या कप्प्यातून थोडे मड मागे वाहत राहते आणि एकही थेंब प्रक्रियेवाचून पुढे जात नाही. हे सगळे पुस्तकात आहे. तरीही मी अशा रिगवर काम केले आहे, जिथे डिसिल्टर ज्या टाकीतून मड घेत होता त्याच टाकीत परत सोडत होता. यंत्र चालू, पंप चालू, शंकूंखालून गाळही पडताना दिसतो आणि निम्मे मड बाजूने तसेच विहिरीत परत जाते. दुसऱ्या एका ठिकाणी दोन कप्प्यांमधला तळाचा व्हॉल्व्ह कुणीतरी केव्हातरी उघडला होता आणि तो गाळात बुडालेला असल्याने कुणाच्या ध्यानीही नव्हता. हे दोन्ही दोष रिग येण्याआधी एका दिवसाच्या तपासणीत सापडले असते. टाक्या रिकाम्या असताना आत उतरून प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो हे हाताने दाखवता येते. मड भरल्यावर तीच टाकी म्हणजे काळा डोह.

शंकूंच्या बाबतीत एक साधी खूण आहे. खालच्या तोंडातून छत्रीसारखा फवारा पडत असेल तर काम ठीक चालले आहे. दोरीसारखी सलग धार पडत असेल तर शंकू तुंबला आहे आणि बारीक कण वरून परत मडमध्येच जात आहेत. नवख्या माणसाला मात्र दोरीसारखी जाड धार बघून वाटते, वा, किती गाळ निघतोय! म्हणून हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावे लागते.

वजनी, म्हणजे बॅराइट घालून जड केलेल्या, मडमध्ये गोष्ट आणखी नाजूक होते. बॅराइटची घनता ४.२ च्या आसपास, खडकाची २.६. पाण्यात २० मायक्रॉनचा बॅराइटचा कण आणि सुमारे २८ मायक्रॉनचा खडकाचा कण सारख्याच वेगाने खाली बसतात, म्हणजे यंत्राला दोघे एकच दिसतात. डिसिल्टर डोळे झाकून चालवला तर महागडे बॅराइट बाहेर फेकले जाते. दोन सेंट्रीफ्यूज असतील तर मार्ग निघतो: पहिले कमी वेगाने चालवून बॅराइट वेगळे करून मडमध्ये परत घ्यायचे, त्यातून निघालेला द्रव दुसऱ्याने जास्त वेगाने फिरवून बारीक गाळ टाकून द्यायचा आणि द्रव परत वापरायचा. अशा वेळी ‘एक सेंट्रीफ्यूज कमी करा’ ही सूचना बचत म्हणून येते तेव्हा फार वाईट वाटते. त्या एका यंत्राच्या अभावी बॅराइट तरी जाते किंवा गाळ तरी राहतो.

तेलावर आधारलेले मड असेल तर चुऱ्याला चिकटून तेल बाहेर पडते. ईशान्य अटलांटिकच्या राष्ट्रांनी ऑस्पार या सागरी पर्यावरण करारांतर्गत २००० साली घेतलेल्या निर्णयाने, कोरड्या चुऱ्यात वजनाने १ टक्क्याहून जास्त तेल असेल तर तो समुद्रात सोडता येत नाही. साध्या शेकरवरून येणारा चुरा या मर्यादेच्या कित्येक पट तेल घेऊन येतो. चुरा वाळवणारे उभे सेंट्रीफ्यूज ते बरेच खाली आणते, पण एक टक्क्याखाली जायला चुरा तापवून तेल उडवावे लागते, नाहीतर किनाऱ्यावर न्यावा लागतो, नाहीतर दळून योग्य थरात परत जमिनीखाली दाबावा लागतो. प्रत्येक मार्गाला इंधन, जागा, माणसे आणि अभ्यास लागतो. दाबण्यासाठी निवडलेला थर चुकीचा निघाला तर कचरा दुसरीकडून वर येतो. जमिनीवर जिवाणूंच्या मदतीने तेल कुजवता येते, पण या मडमधल्या पाण्यात सहसा कॅल्शियम क्लोराइड असते आणि मीठ कुठलाही जिवाणू खात नाही. तेल गेले तरी शेतजमीन खारी होऊ शकते. म्हणून कोणते मीठ वापरायचे, हा प्रश्न कचऱ्याच्या ठेकेदाराला विहीर संपल्यावर विचारायचा नसतो. तो मडची निवड करतानाच सोडवायचा असतो.

कचऱ्याची सोय आधी केलेली नसली की तिचे ओझे भलत्याच निर्णयांवर पडते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट होऊन ११ माणसे गेली. त्या दिवशी विहिरीतले मड हटवताना मड आणि समुद्राच्या पाण्याच्या मध्ये घातलेला द्रव नेहमीचा नव्हता. मड झिरपू नये म्हणून आधी बनवून ठेवलेले दाट मिश्रण उरले होते. ते विहिरीतून फिरवले तर समुद्रात सोडता येत होते, नाहीतर किनाऱ्यावर नेऊन विल्हेवाट लावावी लागली असती. म्हणून तेच वापरले गेले. त्या मिश्रणाने एक नळी तुंबून दाबाच्या चाचणीचा अर्थ लावताना गोंधळ झाला असावा, अशी शक्यता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदवली. दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि हे त्यातले मुख्य होते असे मी म्हणत नाही. पण उरलेल्या मालाचे काय करायचे हा प्रश्न विहिरीच्या सुरक्षेच्या चाचणीत जाऊन बसला, हे वाचल्यापासून मी प्रत्येक विहिरीवर उरलेल्या मिश्रणांसाठी वेगळी रिकामी टाकी मागतो.

शेकरवरच्या माणसांबद्दल. रिगवर सर्वांत नवा मुलगा तिथे उभा करतात. तेलाच्या मडची वाफ, आवाज, हातांवर पुरळ, आणि दर थोड्या वेळाने जड चाळणी उचलून बदलणे. तरीही विहीर काय म्हणते ते सर्वांत आधी त्यालाच दिसते. चुऱ्याऐवजी लांबट, काचेच्या कपच्यांसारखे तुकडे येऊ लागले तर खाली थराचा दाब वाढत असल्याची ती खूण असू शकते. चुरा एकाएकी कमी झाला तर भोक साफ होत नसेल. त्याला हवा खेळती ठेवणारी यंत्रणा द्या, चांगले हातमोजे द्या, आणि त्याने वर फोन केला तर ऐकून घेणारा माणूस द्या. शेकरला वळसा देऊन मड थेट टाकीत सोडायचा निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती नको. घाईत तो वळसा एक तास दिला की आठवडाभर गाळ उपसत बसावे लागते.

माझे मागणे फार नाही. मड, यंत्रे आणि कचरा यांचा खर्च एकाच वहीत मांडा आणि त्याची जबाबदारी एका माणसाकडे द्या. पुरवठादाराच्या मोबदल्याचा काही भाग दर मीटरमागे किती मड बनवावे लागले यावर ठेवा. हा आकडा काढणे कठीण नाही. रोज किती पाणी किंवा तेल घातले आणि मडमध्ये त्याचे प्रमाण किती, यावरून किती नवे मड बनले ते निघते. यंत्रांची खरी कामगिरी अशी मोजण्याची पद्धत त्याच १३सी मध्ये दिली आहे. रिटॉर्ट दररोज होतोच, आकडे रोजच्या अहवालात पडूनच असतात. चाळण्यांवर संख्येची मर्यादा घालू नका. हव्या असतील तर वापराच्या नोंदी मागा. आणि रिग निश्चित करण्याआधी तिच्या टाक्या तपासायला माणूस पाठवा.

पुढच्या विहिरीच्या आराखड्याची बैठक ठरेल तेव्हा मडच्या आणि शेकरच्या बाजूचा एक माणूस त्या टेबलाशी बसवा. मला बोलावलेत तर मी टाक्यांचा नकाशा, मागच्या विहिरीचे रिटॉर्टचे रोजचे आकडे आणि फाटलेल्या चाळण्यांची खोलीनुसार नोंद घेऊन येईन.

आपला नम्र,
एक मड इंजिनिअर